हरी आचाऱ्याची बिनमटणाची हळद

बदलापूरच्या आसपास, सोनिवलीपासून बुवापाड्यापर्यंत कुठेही हळद असो, मंडपामागे लाकडं पेटली आणि टोप चढला की येणारा पाहुणा नवरदेव कसा आहे ते विचारत नाही. तो आधी विचारतो, मटान कोन करतंय? आणि ‘हरी’ असं उत्तर आलं की लगेच घरी फोन लावून सांगतो, माझी भाकरी टाकू नको.

हरी म्हणजे हरिचंद्र. बुटका, रुंद, खांद्यावर ओला पंचा, कानात अत्तराचा बोळा. त्याचं सगळं कानावर. माणसांचं बोलणं त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागतं, पण टोपातला रस्सा काय म्हणतोय ते पहिल्या फटक्यात कळतं. झाकणाशी कान नेतो, डोळे बारीक करतो. ‘गुबगुब, गुबगुब’ आलं तर म्हणतो, अजून शाळेत हाय. ‘बुदुक... बुदुक...’ असं सावकाश यायला लागलं की म्हणतो, आता रिटायर झाला, उतरवा. चमच्याने चव तो घेतच नाही. त्याचा जोडीदार बबन गेली कितीतरी वर्षं तेवढ्यासाठीच त्याच्याबरोबर फिरतो, कारण चव बघायचं काम मग आपोआप बबनकडे येतं. एकदा बघून त्याचं समाधान कधी झालेलं नाही.

तर असा हा हरिचंद्र, अर्ध्या तालुक्याला जेवू घालणारा माणूस, आणि त्याची सख्खी थोरली बहीण मोतीबाई त्याच्या हातचं खात नाही.

मोतीबाई दिलेली जवळच, कुळगावात. नवरा गेल्यावर तिने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मटण-मासळी सोडली ती सोडलीच. भावावर जीव तसाच. महिन्यातून दोनदा रिक्षा करून यायची, ओट्यावर बसायची, भाच्यांच्या गालांवरून हात फिरवायची आणि पिशवीतल्या स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिऊन उपाशी परत जायची. चहासुद्धा नाही. हरिचंद्रने एकदा विचारलं तर तिने सरळ सांगितलं, "तुज्यावर राग नाय रं हरी. पन तुज्या हाताला वास हाय." तेव्हापासून त्याने कानात अत्तर घालायला सुरुवात केली. वास हाताला होता आणि अत्तर कानात, पण त्याला तेवढंच सुचलं.

आता त्याच्या मुलीचं, स्वप्नालीचं लग्न ठरलं. नवरीला पहिली हळद लावायची ती आत्याने. मोतीबाई येणार, हळद लावणार आणि भाचीच्या मांडवातून उपाशी घरी जाणार, हे हरिचंद्रला दिसायला लागलं आणि त्याची झोप उडाली. एका सकाळी दात घासता घासता त्याने घरात जाहीर केलं की ह्या हळदीला मटण नाही. बाय जेवली पाहिजे.

घरात जे झालं त्याला भूकंप म्हणतात. त्याची बायको ठमाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि लोक काय म्हणतील, नातलग काय म्हणतील, वरमाय काय म्हणेल अशी सगळ्यांची बोलणी तिने एकटीनेच प्रत्येकाच्या आवाजात म्हणून दाखवली. मुलगा दिपेश म्हणाला, बाबा, सोच लो, पब्लिक उठून जाईल. बबन तर रडवेला झाला. "दादूस," तो म्हणाला, "मटान नाय तर मी चव कशाची बघू?"

ठमाबाईने पनीर सुचवलं. हरिचंद्रच्या मते पनीर म्हणजे फळ्यावर लिहायचा खडू, फक्त दुधाचा. फणसाची भाजी करावी तर थंडी अजून संपायची होती, फणस कुठला? शेवटी तोड काढली ती नवरीनेच. स्वप्नाली अंबरनाथच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, रोज लोकांचं रक्त बघणारी. ती म्हणाली, बाबा, मशरूम करा.

हरिचंद्रने पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच ऐकू आलं.

मग तिने त्याला बसवून समजावलं. तो ‘हूं हूं’ करत राहिला. मशरूममध्ये बहुतेक पाणीच असतं, चरबी जवळजवळ नाही, कोलेस्टेरॉल नाही, त्यामुळे तुमच्यासारख्याने कितीही हादडलं तरी रिपोर्ट बिघडायचा नाही. ब गटातली जीवनसत्त्वं असतात, पोटॅशियम असतं, पोट साफ ठेवणारा चोथा असतो. बाकीच्या भाज्यांपेक्षा प्रोटीन जास्त. मटणाएवढं? नाही, मटणाएवढं नाही, तेवढ्यासाठी जोडीला डाळ किंवा वाटाणा घाला, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. पण हरिचंद्र अडला तो शेवटच्या गोष्टीवर. तिने सांगितलं की त्याला मटणासारखी एक खोल, तोंडात रेंगाळणारी चव असते आणि दाताखाली काहीतरी लागतं. दाताखाली लागणं हे त्याला पटलं. त्याच्या धंद्याचा अर्धा भाग तोच.

त्याच दिवशी बाजारातून बटण मशरूमचं एक खोकं आलं आणि हरिचंद्रने त्याचं मटण केलं. म्हणजे अगदी मटण. चार पाण्यांनी खळखळून धुतलं. हळद-मीठ चोळून मुरत ठेवलं. वाटण परतून त्यात सोडलं, वरून गरम पाणी ओतलं, झाकण लावलं आणि मटणाला देतात तेवढा वेळ दिला. मधूनमधून कान लावत होता. ‘बुदुक’ काही येईना. आत नुसतं ‘पचपच, पचपच’, चिखलातून चप्पल घालून चालल्यासारखं. झाकण काढलं तर खोकंभर मशरूमचे सुपारीएवढे काळे गोळे झाले होते आणि ते पातळ पाण्यात तरंगत होते.

बबनने चव बघितली. बराच वेळ चावला. मग म्हणाला, "दादूस, ह्याच्यापेक्षा माझी सायकलची ट्यूब मऊ हाय."

हरिचंद्र दुसऱ्या दिवशी दिपेशच्या बाइकवर मागे बसून उल्हासनगरला गेला. कँपातल्या भाजी मार्केटात परसराम शेठची टोपल्यांची दुकानवजा फळी आहे. मशरूम, कमळकाकडी, कसले कसले परदेशी पाले. हॉटेलवाले तिथूनच उचलतात. शेठ बोलतो ते अर्धं सिंधी, अर्धं हिंदी आणि समोरचा मराठी निघाला तर वरून मराठीचा तडका. हरिचंद्रने त्याला घडलेलं सगळं सांगितलं. चार पाण्यांनी धुतलं इथे आल्यावर शेठने कपाळावर हात मारला.

"साईं, खुंभी में पहले से पानी भरेला है," तो म्हणाला. "तू उसको और नहलायेगा, तो वो पियेगा. बेवडा है वो, जितना देगा उतना पियेगा."

मग गिऱ्हाईक थांबवून त्याने फळीवरच क्लास घेतला. माती ओल्या फडक्याने पुसायची. धुवायचंच असेल तर नळाखालून पटकन काढायचं आणि लगेच कोरडं करायचं. कढई कडक तापवायची. एका वेळी थोडेच टाकायचे, गर्दी केली तर घाम फुटतो. आपलंच पाणी सोडतील, ते आटू द्यायचं, मग कडा तांबूस होतील, तेव्हा तेल आणि मसाला. पुढचं काम चटकन उरकायचं. त्याच्या घरी सेयल करतात, तेही त्याने हातवारे करून दाखवलं: ढीगभर कांदा, लसूण, कोथिंबीर, टोमॅटो, मंद आचेवर, पाण्याचा थेंब नाही. दिपेशला त्याने सांगितलं, तू जिमवाला दिसतोस, तू नुसती काळी मिरी आणि लसणावर परतून खा. देठ टाकायचे नाहीत, बारीक चिरून भज्यांच्या पिठात घालायचे किंवा सूप करायचं. आणि रानात पावसाळ्यात उगवतात ते ओळखता येत नसतील तर हात लावायचा नाही. त्यातले काही माणूस मारतात. फळीवरचे मात्र लागवडीचे, बिनधास्त खा.

निघताना हरिचंद्रने शेठला विचारलं की हे माळकरी माणसाला चालतं का. शेठने टोपलीतला एक मशरूम उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरला. ना आंख, ना नाक, ना मां-बाप, असं म्हणून त्याने तो परत टोपलीत ठेवला. हरिचंद्रला हे उत्तर इतकं आवडलं की बदलापूर येईपर्यंत तो बाइकवर मागे बसून तेच पुटपुटत होता.

मग सुरू झाल्या तालमी. आठवडाभर त्या घरात रोज मशरूम. एके दिवशी वाटाणा घालून रस्सा, एके दिवशी सेयल, एके दिवशी तांदळाच्या भाकरीबरोबर भाजलेल्या खोबऱ्याचं सुकं. तिसऱ्या प्रयत्नाला कढईत तुकडे पडले आणि त्यांनी ‘चीं चीं’ असा बारीक आवाज केला. हरिचंद्रने कान टवकारले. मटण कधी चींचीं करत नाही. त्याने कान लावून नवीन भाषा शिकायला घेतली. चींचीं म्हणजे पाणी सुटतंय. मग चुरचुर म्हणजे आटतंय. मग एकदम शांत होतं आणि ‘तड्... तड्’ येतं, तेव्हा मसाला टाकायचा. बबनने चव बघितली आणि वाटी पुन्हा पुढे केली. तिथेच ठरलं.

हळदीच्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर हरिचंद्रने अंगणात स्वच्छ चादर अंथरून चिरलेले मशरूम भर उन्हात पसरले. हे स्वप्नालीने सांगितलेलं: कापून दुपारचं ऊन दिलं की मशरूम स्वतःच ड जीवनसत्त्व तयार करतात, आणि आत्याच्या रिपोर्टात नेमकं तेच कमी आलेलं, म्हणून तिची हाडं दुखतात. आत्याची गोळी चालूच ठेवायची, बी-ट्वेल्व्हचीही, कारण ते मशरूममध्ये नावापुरतंच असतं; पण पोटात चांगलं काही गेलं तर काय वाईट? शेजारची माणसं येऊन चादरीकडे बघून जात होती. कुणी विचारलं, पापड का? कुणी विचारलं, औषध का? ठमाबाईने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, यांना विचारा.

टोप नवे आणले होते. उलथणी नवी. ज्या भांड्यात कधी मटण शिजलं ते एकही मंडपात नव्हतं. जुना होता फक्त मसाला, म्हणजे ह्या वर्षीचाच कुटलेला, पण कुटणारा हात तोच. दुपार कलल्यावर पहिला टोप तयार झाला आणि भाजलेल्या खोबऱ्याचा, लसणाचा, मसाल्याचा वास वाऱ्यावर बसून रस्त्यापर्यंत गेला. लांबून आलेले एक आजोबा वासावर चालत चुलीपाशी पोचले, टोपात डोकावले आणि त्यांनी विचारलं, नली कुठं हाय? मला नली ठेव. त्यांना नळीचं हाड नाही हे सांगायची बबनची हिंमत झाली नाही. तो म्हणाला, बघतो.

आणि नेमकी त्याच वेळी मोतीबाईची रिक्षा मंडपाच्या दारात थांबली.

नवं लुगडं, हातात हळदीचं ताट, डोक्यावर पदर. एक पाय कमानीच्या आत टाकला आणि ती थांबली. नाक वर केलं. दोनदा हुंगलं. पाय मागे घेतला, रिक्षावाल्याला म्हणाली थांब, आणि कमानीबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन बसली.

मंडपात कुजबुज झाली. आत नवरी पाटावर बसलेली, बायका गाण्यासाठी घसे साफ करून तयार, आणि आत्या बाहेर. आत्या आत आल्याशिवाय हळद कशी लागणार?

हरिचंद्र पंच्याला हात पुसत धावत आला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तू बोललास मटान नाय. म्हनून आलू मी. हा वास मी वलखतंय, हरी. तीस वर्सं वलखतंय."

त्याने शपथ घेतली. तिने ताट सरळ केलं. तो आतून मशरूमचं उरलेलं खोकं उचलून घेऊन आला. ती म्हणाली की खोक्यात काय हाय ते दिसतंय, टोपात काय हाय ते कसं कलंल? मग एकेक जण समजूत घालायला बाहेर जाऊ लागला. दिपेश गेला आणि ‘आते, ट्रस्ट मी, प्युअर व्हेज, हंड्रेड पर्सेंट’ असं ज्या सुरात म्हणाला त्या सुरात तर कुणीही मोबाइलसुद्धा विकत घेणार नाही. ठमाबाई गेली आणि नणंदेला समजावता समजावता नवऱ्याच्याच तक्रारी सांगून आली. साउंडवाल्याने माइकवरून ‘आत्याबाईंना विनंती आहे’ सुरू केलं, तेव्हा त्याला गप्प करायला तिघे धावले. त्यातच नळीवाले आजोबा खुर्चीपाशी येऊन म्हणाले, चल ना बाय आत, मटान लय झ्याक झालंय, वासच सांगतंय.

मोतीबाईने भावाकडे पाहिलं. हरिचंद्रचं तोंड उतरलं. आयुष्यभराचं नाव आज त्याच्या अंगावर उलटलं होतं.

तो तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला. मग बोलला तेव्हा आवाज बारीक होता.

"बाय, तू कर."

"काय करू?"

"नवा टोप कोरा पडलाय. खोकं तुज्यासमोर हाय. हात तुजा, मी शिवनार नाय कशाला. नुसता सांगंन. तुज्यापुरता कर, तू जेव, मग हलद लाव."

आतून ‘आते’ अशी हाक आली, नवरीची. मोतीबाईने ताट ठमाबाईच्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला आणि ती हात धुऊन चुलीकडे गेली. तिच्यामागोमाग अर्धा मंडप.

मशरूम तिने स्वतःच फडक्याने पुसून चिरले. हरिचंद्र हात पाठीशी बांधून शाळेतल्या मास्तरसारखा उभा राहिला. टोप तापू दे, तो म्हणाला. अजून. आता मूठभर टाक, सगलं नको. तुकडे पडले आणि चींचीं सुरू झाली. मोतीबाई दचकून मागे सरली. ह्या वरडतान, ती म्हणाली. बबन म्हणाला, वरडू दे, गप होतान. ती परतत राहिली. पाणी सुटलं, आटलं, कडा तांबूस झाल्या. टोपात डोळे घालून ती बघत होती: पांढरट तुकडे, छत्रीसारखा आकार, ना हाड ना काही. मग हरिचंद्रने सांगितल्याप्रमाणे तेल गेलं, कांदा गेला, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण गेलं. शेवटी तिने डब्यातून दोन चमचे मसाला घातला आणि दोन्ही हातांनी उलथणं फिरवलं.

वास आला. तोच. दारात आलेला, तीस वर्षं ओळखलेला.

मोतीबाई थांबली. वाकून टोपात बघितलं, मग मसाल्याच्या डब्यात नाक घातलं, मग पुन्हा टोपात.

"म्हंजे वास मसाल्याचा व्हता," ती म्हणाली.

"आनि कशाचा?" हरिचंद्र म्हणाला. "कुटतंय तर मीच."

जाळ वाढला होता, सुकं तळाला धरायला आलं होतं, तिने दोन्ही हातांनी जोरात ढवळायला घेतलं. धुराने डोळ्यांना पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. हरिचंद्रला राहवेना. त्याने टोपलीतल्या भाकरीचा तुकडा मोडला, टोपाच्या कडेवरून एक मशरूम त्यावर उचलला, दोन फुंकरा मारल्या आणि कशाला शिवणार नाही म्हटलेल्या त्या हाताने तो घास तिच्या तोंडाशी नेला.

"मीठ बघ," तो म्हणाला.

मोतीबाईने ढवळता ढवळता तोंड उघडलं आणि घास घेतला. चावला. हरिचंद्र कान देऊन तिचं चावणं ऐकत होता. ठमाबाईने हळदीचं ताट छातीशी धरलं होतं.

"मीठ बराबर हाय," ती म्हणाली. "तिखट जरा कमी."

मग तिला कळलं. उलथणं क्षणभर थांबलं. तिने भावाच्या हाताकडे पाहिलं. बोटांना तेल आणि खोबरं लागलेलं. तोही त्या हाताकडेच बघत होता, आता तो कुठे लपवावा हे न कळून.

आतून पुन्हा ‘आते’ अशी हाक आली. मोतीबाईने येतंय गो म्हणून ओरडून सांगितलं, उलथणं पुन्हा फिरवायला लागली, मान हरिचंद्रकडे वळवली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.